किनाऱ्यावरील कुरव : रूप आणि आवाज

पावसाळा ओसरून समुद्र निवळू लागला, की भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर कुरव पक्ष्यांचे आगमन होते. सप्टेंबरच्या अखेरीस पहिले थोडे पक्षी येतात. नोव्हेंबरपर्यंत ओखा आणि पोरबंदर येथील बंदरांत, मुंबईच्या धक्क्यांवर, कोचीच्या खाडीमुखाशी, तमिळनाडूतील कोडिक्करैच्या दलदलीत आणि ओडिशातील चिलिका सरोवरावर त्यांचे थवे स्थिरावलेले असतात. मासेमारीच्या होड्या परतू लागल्या म्हणजे त्यांच्या मागे गिरक्या घेणारे, जाळ्यातून निसटलेल्या मासळीवर तुटून पडणारे आणि त्या गोंधळात सतत ओरडणारे हे पांढरे-करडे पक्षी कोळ्यांच्या नित्य परिचयाचे आहेत. मराठीत त्यांना कुरव म्हणतात, हिंदीत धोमरा. बंगालीतील गांगचिल, म्हणजे नदीवरची घार, हे नाव कुरवांना आणि त्यांच्या नात्यातील सुरय पक्ष्यांनाही सरसकट लावले जाते. तमिळ आणि मल्याळम या भाषांत समुद्रकावळा अशा अर्थाची नावे आहेत. एका भाषेला या पक्ष्यात घार दिसली, दुसरीला कावळा. आणि दोन्ही उपमा निरीक्षणाला धरूनच आहेत. कुरव घारीसारखा वाऱ्यावर तरंगतो आणि कावळ्यासारखा भांडतो, ओरडतो, उकिरडाही धुंडाळतो.

मात्र ही सारी नावे एका जातीची नसून गटाची आहेत. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात नियमाने दिसणाऱ्या कुरवांच्या जाती पाच-सहा आहेत. त्यांतील दोन, तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव, एकमेकांशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत आणि एकाच थव्यात इतक्या वेळा आढळतात, की त्यांची गल्लत हा पक्षिनिरीक्षणातील एक नित्याचा प्रकार होऊन बसला आहे. सामान्य माणसाने ही गल्लत मनावर घेण्याचे कारण नाही. पण जो पक्ष्यांची नोंद ठेवतो, त्याने ती घ्यावयास हवी.

याचे कारण असे. हिवाळ्यात भारतात येणारे हे पक्षी वेगवेगळ्या देशांतून येतात. तपकिरी डोक्याच्या कुरवाची वीण मध्य आशियाच्या उंच पठारांवर होते: पामीर, तिबेट, चीनमधील छिंगहाय सरोवराचा परिसर, आणि आपल्याकडे लडाखमधील सरोवरे. काळ्या डोक्याचा कुरव मात्र ब्रिटनपासून पूर्व सायबेरियापर्यंत पसरलेल्या विस्तीर्ण प्रदेशातील दलदलींत वीण घालतो. 2005 सालच्या मे महिन्यात छिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूची साथ आली आणि सहा हजारांहून अधिक रानपक्षी मृत्युमुखी पडले. त्यांत पट्टकादंब हंसांची संख्या सर्वांत मोठी होती. पण तपकिरी डोक्याचे कुरव आणि त्यांचा थोराड भाऊबंद पल्लासचा कुरव हेही मोठ्या संख्येने होते. या दोन्ही जाती हिवाळ्यात भारताच्या किनाऱ्यावर व मोठ्या नद्यांवर असतात. दूरच्या एखाद्या सरोवरावर अशी आपत्ती कोसळली, तर तिचा परिणाम येथल्या संख्येवर झाला की नाही हे समजण्यास आधीच्या हिवाळ्यांतील गणना हाच आधार असतो. भारतीय उपखंडात 1987 पासून दर वर्षी जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. ती करणारे बहुतेक हौशी निरीक्षकच असतात. ‘कुरव, सुमारे पाचशे’ अशी नोंद या कामी फारशी उपयोगी पडत नाही. आणि अंदाजाने भलत्याच जातीचे नाव लिहिलेली नोंद तर त्याहूनही वाईट. कारण ती खरी समजली जाते.

प्रथम कुरव आणि सुरय यांतील भेद. सुरय सडपातळ असतो. त्याचे पंख लांब आणि टोकदार, शेपटी बहुधा दुभंगलेली, चोच भाल्याच्या पात्यासारखी सरळ. पाण्यावर उडताना तो चोच खाली वळवून पाहतो आणि मासा दिसताच सूर मारतो. कुरव अंगाने भरीव, पंखाने रुंद, आणि त्याची शेपटी बोथट गोलसर असते. तो सहसा बुडी मारीत नाही. पृष्ठभागावरचे भक्ष्य उचलतो, आणि मन झाले तर बदकासारखा पाण्यावर बसून तरंगत राहतो. सुरय पक्ष्याला पाण्यावर असे स्वस्थ बसणे आवडत नाही. दुरून पाहणाऱ्याला एवढी एक खूण बहुतेक वेळा पुरते.

आता त्या दोन जुळ्या जाती. काळ्या डोक्याच्या कुरवाला लिनीयसने 1766 मध्ये शास्त्रीय नाव दिले. त्यातील ‘रिडिबुंडस’ या लॅटिन पदाचा अर्थ हसरा असा आहे. नामकरण आवाजावरून झाले. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे वर्णन मद्रासच्या सैन्यातील शल्यचिकित्सक टॉमस जर्डन याने 1840 मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्याने दिलेल्या ‘ब्रुनिसेफॅलस’ या नावाचा अर्थच तपकिरी डोक्याचा असा होतो. पुढे इंग्रजी नावे डोक्याच्या रंगावरूनच रूढ झाली आणि येथेच घोटाळ्याला आरंभ झाला. एक तर विणीच्या पिसाऱ्यात ‘काळ्या’ डोक्याच्या कुरवाचे डोके काळे नसते. ते भाजलेल्या कॉफीच्या रंगाचे, गडद तपकिरी असते. दुसऱ्या जातीचे डोके त्याहून थोडे फिके, चेहऱ्याकडे अधिक फिकट होत गेलेले आणि मागील बाजूस काळपट कडेने आखल्यासारखे असते. म्हणजे दोघांचीही डोकी तपकिरीच. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे असे, की हे तपकिरी टोपडे केवळ विणीच्या काळापुरते असते. भारतात जे सहा-सात महिने हे पक्षी राहतात, त्यांपैकी बहुतेक काळ दोघांचीही डोकी पांढरी असून कानाच्या जागी तेवढा एक गडद ठिपका असतो. मार्चमध्ये डोक्यावर तपकिरी डाग उमटू लागतात, टोपडे पुरे होते न होते तोच पक्षी उत्तरेकडे निघून जातात. ज्या अवयवावरून नाव पडले, तो अवयव ओळखीसाठी नेमका निरुपयोगी ठरतो. जर्डनला दोष देण्याचे कारण नाही. हातात घेतलेल्या पक्ष्याचे वर्णन करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या आणि दुर्बिणीतून उडता पक्षी पाहणाऱ्या निरीक्षकाच्या गरजा निराळ्या असतात.

निरीक्षकाने पाहावयाचे ते पंखाचे टोक. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या पंखाचा मोठा भाग फिकट करडा असतो. टोकाकडे प्रथम एक रुंद पांढरा पट्टा येतो आणि त्यापुढे पंखाचे टोक ठळक काळे असते. त्या काळ्या भागात, अगदी बाहेरच्या दोन पिसांवर, टोकापासून किंचित आत एकेक पांढरा डाग असतो. या डागांना पक्षितज्ज्ञ ‘आरसे’ म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे: उन्हात पक्षी वळला, की काळ्यावर हे डाग लखकन चमकतात. ते पंखाच्या वरून दिसतात तसे खालूनही दिसतात. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखात असे आरसे नसतात. त्याच्या बाहेरील उड्डाणपिसांचा बहुतेक भाग पांढरा असून केवळ टोके काळी असतात. त्यामुळे पंख पसरला असता पुढच्या कडेला मनगटापासून टोकापर्यंत एक लांबट पांढरा त्रिकोण दिसतो आणि काळा रंग टोकाच्या मागच्या कडेला बारीक किनारीसारखा उरतो. ही दोन चित्रे एकदा मनात पक्की बसली, की शंभर पावलांवरून जाणारा पक्षीही सांगता येतो: काळ्या टोकात पांढरे डाग, की पांढऱ्या टोकाला काळी किनार?

पंखांची टोके काळी असण्याला प्रयोजन आहे. पिसांतील काळा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्याने येतो आणि या द्रव्याने पीस चिवट होते. वारा, वाळू, खारे पाणी आणि कडक ऊन यांचा मारा पंखांच्या टोकांवर सर्वांत अधिक होतो. तेथील काळी पिसे हा मारा पांढऱ्या पिसांपेक्षा चांगला सोसतात. याच कारणाने कुरवांच्या पिसांच्या शेंड्यांवर असणारे बारीक पांढरे ठिपके हिवाळा संपेपर्यंत झिजून नाहीसे होतात. आरसे शेंड्यापासून थोडे आत आणि सभोवार काळ्या रंगाने वेढलेले असल्यामुळे टिकतात. मार्चमधील एखाद्या जीर्ण पिसाऱ्याच्या पक्ष्याच्या शेंड्यांवरचे ठिपके गेलेले दिसले, म्हणून त्याची जात बदलत नाही.

थवा वाळूच्या दांड्यावर किंवा धक्क्याच्या भिंतीवर पंख मिटून बसलेला असेल, तर आरसे नीट दिसत नाहीत. अशा वेळी डोळा पाहावा. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचे बुबुळ फिके, पिवळसर पांढरे असते आणि त्यामुळे त्याच्या मुद्रेला एक प्रकारचा कठोरपणा येतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचे बुबुळ गडद असते. पांढऱ्या चेहऱ्यावर तो काळा मणी सौम्य वाटतो. चोच दोघांचीही लाल आणि हिवाळ्यात टोकाशी काळसर. पण पहिल्याची जाड, दुसऱ्याची बारीक. आकारात तपकिरी डोक्याचा कुरव थोडा मोठा, गावकावळ्याहून किंचित अधिक भरतो. हा फरक दोघे शेजारी शेजारी बसले असता जाणवतो. एकटा पक्षी दिसला तर मोठा-लहान ठरविण्याच्या फंदात न पडणे बरे.

खरी कसोटी लागते ती पहिल्या हिवाळ्यातील पिलांपाशी. त्या उन्हाळ्यात जन्मलेल्या पक्ष्याच्या पंखांवर तपकिरी पिसांची नक्षी असते, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असते, आणि अशी पिले दोन्ही जातींत सारखीच दिसतात. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पिलाला आरसे नसतात आणि त्याचे बुबुळही अजून गडद असते. म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही उत्तम खुणा येथे लंगड्या पडतात. आरसे नाहीत आणि डोळा काळा आहे, म्हणून पिलाला काळ्या डोक्याचा कुरव ठरविणे ही अगदी सुशिक्षित चूक होय. खुणा पाठ असलेला माणूसच ती करतो. येथे आरशांची अनुपस्थिती विचारात न घेता पांढऱ्या त्रिकोणाची उपस्थिती शोधावी. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पिलात पंखाच्या पुढील कडेला पांढरी रेघ, काळ्या फटकाऱ्यांनी तुटलेली का होईना, दिसतेच. दुसऱ्याच्या पिलात पंखाचे टोक सबंध काळे असते. दोन वर्षांचा होईतो पक्षी जवळपास प्रौढांसारखा होतो आणि ही अडचण उरत नाही.

आवाजाचा उपयोग किती? पुष्कळ, पण वेगळ्या तऱ्हेचा. कोकीळ किंवा तांबट यांच्याप्रमाणे केवळ आवाज ऐकून, पक्षी न पाहता, जात सांगावी असे कुरवांच्या बाबतीत क्वचितच शक्य होते. त्यांच्या आवाजात गाणे नाही. किंचाळणे, खेकसणे, धापा टाकल्यासारखे तुटक उद्गार आणि रडवेली तक्रार हे त्यांचे शब्दभांडार आहे. एकच पक्षी भूक, राग आणि भय यांनुसार निरनिराळे ओरडतो. तथापि आवाजाचा पोत आणि खोली यांत जातीगणिक फरक असतो, आणि कान तयार झाला म्हणजे तो फरक डोळ्यांना आधीच सावध करतो.

पक्ष्यांचा आवाज माणसासारखा गळ्याच्या वरच्या टोकाशी निर्माण होत नाही. श्वासनलिका ज्या ठिकाणी दोन फुप्फुसांकडे फुटते, त्या संधीवर त्यांचे स्वरयंत्र असते. सामान्यतः पक्षी जितका मोठा तितका त्याचा आवाज खोल, हा नियम कुरवांना चांगला लागू पडतो. काळ्या डोक्याचा कुरव ‘क्रीऽआर’ असे ओरडतो. स्वर कर्कश पण पातळ, शेवटी खाली उतरणारा. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा स्वर याच घाटाचा, पण अधिक जाड आणि घोगरा असतो. कित्येकदा तो ‘क्याऽव’ असा, कावळ्याची आठवण करून देणारा येतो. मध्येच ‘को-येक्, को-येक्’ असे दोन तुकड्यांचे शब्दही ऐकू येतात. मिश्र थवा होडीमागे लागला असता पातळ किंकाळ्यांच्या गर्दीतून हा घोगरा सूर वेगळा निघतो आणि कोणीकडे पाहावे ते कळते. सुरय पक्ष्यांचे आवाज याहून तुटक व धारदार असतात, ‘किर्रिक्’ किंवा ‘किक्-किक्’ असे. ते एकदा ओळखू आले, की मिश्र थव्यातील अर्धा गुंता सुटतो.

पुस्तकांतून आवाजांची जी अक्षरे छापलेली असतात, त्यांवर मात्र बेताचाच विश्वास ठेवावा. एकाच हाकेचे स्पेलिंग दोन इंग्रजी पुस्तकांत दोन तऱ्हांचे असते, आणि मराठी कानाला ती तिसरीच भासते. शिवाय युरोपातील ग्रंथांत वर्णिलेल्या कित्येक हाका विणीच्या वसाहतींतील आहेत. कुरवांच्या वर्तनाचा मूलगामी अभ्यास डच शास्त्रज्ञ निको टिंबर्गन यांनी केला. त्यांचे हेरिंग गल या जातीवरील पुस्तक 1953 मध्ये निघाले, आणि 1973 चे नोबेल पारितोषिक त्यांना कॉनराड लोरेंत्स व कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर विभागून मिळाले. मान खाली झुकवून मग आकाशाकडे उंचावत दिलेली दीर्घ हाक, पिलांना बोलावण्याची हळुवार हाक, जोडीदाराशी संवाद, असा मोठा संसार त्यांनी उलगडून दाखविला. पण हा संसार घरट्यापाशी चालतो. भारताच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात जे ऐकू येते ते मुख्यतः पोटाचे भांडण. ग्रंथातील दीर्घ हाक मुंबईच्या धक्क्यावर ऐकू येत नाही म्हणून निराश होऊ नये. ती ऐकावयाची तर उन्हाळ्यात लडाखला, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवरील त्सो मोरीरीसारख्या सरोवराकाठी जावे लागेल; तपकिरी डोक्याचे कुरव तेथे सरोवरांतील बेटांवर आणि दलदलींत घरटी करतात. समुद्रपक्षी म्हणून जो सर्वांना ठाऊक आहे, त्याचा जन्म समुद्रापासून इतक्या दूर आणि इतक्या उंचावर होतो.

राहिलेल्या जातींपैकी पल्लासचा कुरव ओळखण्यास सर्वांत सोपा. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ पल्लास याने 1773 मध्ये वर्णिलेला हा पक्षी अंगाने घारीपेक्षाही भारी दिसतो. त्याचे कपाळ लांबट उतरते, चोच दणकट व पिवळी असून टोकाजवळ काळा पट्टा आणि त्यापुढे लाल रंग असतो. गंमत अशी, की खरेखुरे काळे डोके असलेला कुरव हाच. पण ते नाव दुसऱ्याने बळकावले आहे. त्याचे डोके फेब्रुवारीतच काळे होऊ लागते, आणि डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या चंद्रकोरी उठून दिसतात. हिवाळ्याच्या आरंभी त्याच्या डोळ्यांभोवती नुसता काळसर मुखवटा असतो. आवाज खोल, नाकातून आल्यासारखा, क्वचितच काढलेला. समुद्रकिनाऱ्याइतकाच तो गंगेसारख्या मोठ्या नद्यांवरही रमतो.

बारीक चोचीचा कुरव गुजरातच्या किनाऱ्यावर विपुल आहे. दक्षिणेकडे व पूर्वेकडे तो विरळ होत जातो. पंखावरचा पांढरा त्रिकोण हुबेहूब काळ्या डोक्याच्या कुरवासारखा असल्यामुळे फसगत होते. पण याचे डोके बारमाही पांढरे. त्याला टोपडे कधीच येत नाही. मान लांब, कपाळ उतरते, चोच लांबट, बुबुळ फिके, आणि विणीच्या सुमारास छातीवर फिकट गुलाबी छटा. बसलेल्या थव्यात माना उंच करून पाहणारे पक्षी दिसले, तर प्रथम याचा विचार करावा.

मोठ्या, पाठीने गडद करड्या आणि पायाने पिवळ्या कुरवांचा प्रश्न अवघड आहे. आर्क्टिकच्या रशियन टुंड्रातून येणारा ह्यूग्लिनचा कुरव, सायबेरिया व कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून येणारा त्याचा किंचित फिका भाऊ, आणि त्याहूनही फिका कॅस्पियन कुरव हे पश्चिम किनाऱ्यावर येतात. मागील पिढीच्या पुस्तकांत यांपैकी काहींना हेरिंग गल या एकाच नावाखाली घातलेले आढळते. पुढे त्यांच्या जाती व उपजाती पाडल्या गेल्या आणि त्या सीमारेषांविषयी तज्ज्ञांचे पूर्ण एकमत नाही. यांना प्रौढ पिसारा येण्यास सुमारे चार वर्षे लागतात. दर वर्षीचा पिसारा वेगळा. पाठीच्या करड्या रंगाची छटा हीच मुख्य खूण, आणि ती तर ढगाळ दिवशी एक व भर उन्हात दुसरीच दिसते. अशा पक्ष्यापुढे ‘मोठा कुरव, जात अनिश्चित’ असे लिहिणारा निरीक्षक अधिक जाणता समजावा. या गटाचे आवाज खोल, भुंकल्यासारखे किंवा भरभर हसल्यासारखे असतात. कॅस्पियन कुरवाच्या लॅटिन नावाचा अर्थही मोठ्याने हसणारा असाच आहे. युरोपातील नामकरणकर्त्यांना कुरवांच्या ओरडण्यात पुनःपुन्हा हसू ऐकू यावे आणि दक्षिण भारताच्या भाषांनी त्यांना कावळ्यांत बसवावे, हा ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न.

अभ्यासाला सर्वांत सोयीची जागा म्हणजे जेथे माणसांची भीड चेपलेले कुरव असतात ती. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर, वाराणसीच्या घाटांवर, दिल्लीत यमुनाकाठी प्रवासी त्यांच्यापुढे शेव-गाठिया उधळतात आणि पक्षी हाताच्या अंतरावर येऊन हवेतच ते झेलतात. तळलेले, तिखटमीठ लावलेले पदार्थ हे मासे खाणाऱ्या पक्ष्याचे अन्न नव्हे, आणि हा शौक जितका कमी होईल तितका बरा. पण इतर कोणी टाकलेल्या शेवेमागे ते आलेच, तर बुबुळाचा रंग दुर्बिणीवाचून दिसतो, आरसे मोजता येतात आणि तो घोगरा आवाज कानाशीच येतो. पाहणाऱ्याने सूर्य पाठीशी ठेवावा. प्रकाशाविरुद्ध पाहिले तर सारेच पंख काळे.

टिपणवहीत प्रथम जातीचे नाव लिहू नये; प्रथम जे दिसले ते लिहावे. आरसे होते की नव्हते, पंख वरून पाहिला की खालून, बुबुळ कसे, शेपटीला पट्टी होती काय, आवाज पातळ की घोगरा, आणि वेळ व प्रकाश. नाव शेवटी. हा क्रम पाळला तर वीस वर्षांनी, नावे आणि वर्गीकरण बदलल्यावरही, ती नोंद वाचणाऱ्याच्या उपयोगी पडते.

एप्रिल सरता सरता बहुतेक कुरव निघून जातात. काही थोडे मागे राहतात. हे बहुधा एक वर्षाचे, अजून विणीला न आलेले पक्षी असतात, आणि मे-जूनच्या उन्हात त्यांचा पिसारा इतका विटतो, की तपकिरी नक्षी फिकी पडून पंख मळक्या पांढऱ्या चिंधीसारखे दिसू लागतात. त्यांच्या डोक्यावर टोपडे नसते, पंखात आरसे नसतात, डोळे पुरते फिके झालेले नसतात. वर्षभरातील सर्वांत अवघड कुरव ते हेच. त्यांच्यासाठी पंखाच्या पुढील कडेची पांढरी रेघ आहे की नाही ते पाहावे, चोचीची जाडी पाहावी, आणि पक्षी ओरडेपर्यंत थांबावे.